डीएक्स-७ मास्टर कीबोर्ड केल्यावर दुहेरी सूर, अपुरा जोर आणि अडकणाऱ्या नोट्स: समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. यामाहाचा मूळ डीएक्स-७ हा जुना सिंथेसायझर घरात पडून असतो किंवा नुकताच हाती आलेला असतो. त्याच्या पट्ट्या आजच्या स्वस्त कंट्रोलरपेक्षा कितीतरी सरस, म्हणून लॅपटॉपमधला पियानो, स्ट्रिंग्ज, ऑर्गन सगळं त्यावरूनच वाजवायचं ठरतं. वायर जोडली, आवाज आला. मग थोड्याच दिवसांत एकेक दुखणं वर येतं. एकच पट्टी दाबली तरी सूर दोनदा वाजल्यासारखा होतो. कितीही जोरात वाजवा, पियानो मवाळच राहतो. मधेच एखादा सूर लागतो तो सुटतच नाही. आवाज आपोआप बदलतो. एक निस्तरावं तर दुसरं उपटतं, आणि शेवटी "जुनं यंत्र आहे, सर्किट गेलं असणार" असं म्हणून स्क्रू काढायला सुरुवात होते.

माझी कळकळीची विनंती आहे की स्क्रू काढण्याआधी तो कीबोर्ड बाहेर नेमकं काय पाठवतोय ते पाहा. यातल्या बहुतेक तक्रारींत डीएक्स-७ बिघडलेला नसतो. मिडी म्हणजे कोणती पट्टी, किती जोरात दाबली असे निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेणारी पद्धत. तिचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक जानेवारी १९८३ मध्ये नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात झालं, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एकमेकांना जोडून. डीएक्स-७ त्याच वर्षी बाजारात आला. तेव्हा दोन सिंथेसायझर एका वायरीने एकत्र वाजले हीच मोठी गोष्ट होती. या कीबोर्डचा स्वतःचा आवाज कुणाला नकोच असेल, फक्त पट्ट्या हव्या असतील, हा विचार त्याच्या रचनेत कुठेच नाही. पुढच्या अर्ध्याअधिक अडचणींचं मूळ तिथे आहे, आणि त्यांचा इलाज कीबोर्डमध्ये नसून संगणकाच्या बाजूला आहे.

आधी मिडी मॉनिटर लावा

मिडी मॉनिटर म्हणजे वायरीवरून येणारे निरोप पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर ए-सेक-डम्प, काहीही चालेल. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, फक्त मॉनिटर उघडा, आकडे दशमान पद्धतीत दिसतील अशी सोय करा आणि मधला सी एकदा दाबून सोडा. पडद्यावर साधारण हे दिसायला हवं: नोट ऑन, चॅनल १, नोट ६०, वेलॉसिटी (पट्टीच्या जोराचा आकडा) ६० ते ८० च्या मधलं काहीतरी. सोडल्यावर आणखी एक ओळ: नोट ऑन, चॅनल १, नोट ६०, वेलॉसिटी ०.

ही दुसरी ओळ पाहून बरेच जण दचकतात. पट्टी सोडली तर नोट ऑफ यायला हवा, पुन्हा नोट ऑन कसा? हा बिघाड नाही. शून्य वेलॉसिटीचा नोट ऑन म्हणजेच नोट ऑफ, असं मिडीच्या नियमांतच आहे. त्यामुळे निरोपाचा प्रकार सांगणारा एकच स्टेटस बाइट पुढच्या नोटांनाही चालवता येतो आणि वायरीवरची गर्दी कमी होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. अडकणाऱ्या नोटांचं एक प्रकरण पुढे हिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

आता हात पूर्ण काढून घ्या आणि काहीही न दाबता मॉनिटरकडे पाहत राहा. ॲक्टिव्ह सेन्सिंगच्या, म्हणजे 'मी अजून जोडलेला आहे' अशा निरोपाच्या, ओळी सतत सरकत असतील. तेही बरोबरच आहे. पण त्यांच्याबरोबर मॉड्युलेशन, डेटा एंट्री किंवा पिच बेंडचे आकडेही आपोआप बदलत असतील, तर एखादा स्लायडर किंवा चाक आतून मळलंय. त्याकडे नंतर येऊ.

मॉनिटरवर काहीच दिसत नसेल तर वायर तपासा. दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे थ्रूच्या भोकात वायर खुपसणं. थ्रूमधून फक्त इनला आलेला डेटा पुढे जातो; तुम्ही दाबलेल्या पट्ट्या तिथून कधीच बाहेर पडत नाहीत. मास्टरची वायर आउटमध्येच हवी. दुसरी म्हणजे यूएसबी-मिडी वायरीच्या टोकांवरची 'इन' आणि 'आउट' ही नावं. काही वायरींवर ते नाव संगणकाच्या दृष्टीने असतं, म्हणजे 'इन' लिहिलेलं टोक कीबोर्डच्या आउटमध्ये घालायचं असतं. काहींवर नेमकं उलट. अदलाबदल करून बघा. आउटला आउट जोडला गेला तरी काही जळत नाही. जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनांची डिन वायर घरात असेल तर ती वापरू नका. दिसायला तीच असली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. मिडीला ४ आणि ५ नंबरच्या पिना सरळ जोडलेल्या हव्यात आणि २ नंबरवर शील्ड हवी. मल्टीमीटरची बीप लावून मिनिटभरात कळतं.

एक पट्टी, दोन सूर

मॉनिटरवर एका दाबण्याला एकच नोट ऑन येत असेल, तर कीबोर्ड निर्दोष आहे. सूर दुहेरी होतोय तो मॉनिटरच्या पुढे कुठेतरी. इथे दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि त्यांची सरमिसळ होते.

पहिल्या प्रकरणात पट्टी दाबल्यावर डीएक्स-७ स्वतःचा आवाज लगेच देतो आणि लॅपटॉपमधला पियानो किंचित उशिरा वाजतो. त्या उशिराचं कारण मिडीची वायर नाही. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स आहे. तीन बाइटांची एक नोट जायला जेमतेम १ मिलिसेकंद लागतो. खरा उशीर ऑडिओ बफरमध्ये, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो त्या तुकड्यात, होतो. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे साडेअकरा मिलिसेकंद, आणि त्यात ऑडिओ इंटरफेसचा वेळ वेगळा. कानाला तो थेट 'दोनदा वाजलं' असा जाणवतो. बफर १२८ वर आणला की तो भाग तीन मिलिसेकंदांच्या आत येतो आणि वाजवताना खूपच बरं वाटतं.

पण मुळात डीएक्स-७ चा आवाजच नको असेल तर? इतर सिंथेसायझरवर याचं सरळ उत्तर 'लोकल ऑफ' असं आहे: पट्ट्या आणि आतला आवाज यांचा संबंध तोडायचा. रोलंड डी-५० मध्ये ते आहे, कोर्ग एम-१ च्या ग्लोबल मोडमध्ये आहे. मूळ डीएक्स-७ मध्ये ते नाहीच. फंक्शन बटणाखालच्या सेटिंग्जच्या पाट्या कितीही चाळल्या तरी सापडणार नाही, त्यामुळे शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. व्हॉल्यूमचा स्लायडर खाली ओढा किंवा ऑडिओची वायर काढून ठेवा. स्लायडर करकरत असेल तर आणखी एक मार्ग आहे: व्हॉइस इनिट करा (म्हणजे कोऱ्या आवाजापासून सुरुवात करा), पहिल्या ऑपरेटरची (आवाज घडवणाऱ्या घटकाची) आउटपुट लेव्हल शून्यावर आणा आणि तो मुका आवाज शेवटच्या, म्हणजे ३२ व्या जागेवर साठवा. संगणकावरचं काही वाजवायचं असलं की तो निवडायचा.

दुसरं प्रकरण जास्त फसवं आहे. त्यात डीएक्स-७ चाच आवाज रेकॉर्ड करायचा असतो, म्हणून आउटही संगणकाला जोडलेला असतो आणि इनही. तुम्ही पट्टी दाबता, आतला आवाज वाजतो, नोट संगणकात जाते, आणि ट्रॅकचं आउटपुट डीएक्स-७ वरच असल्यामुळे तीच नोट परत येऊन पुन्हा वाजते. दोन सारखे सूर अंशभर अंतराने एकमेकांवर पडतात आणि आवाज पोकळ, लाटा मारल्यासारखा होतो. शिवाय डीएक्स-७ ला एका वेळी सोळाच सूर वाजवता येतात, ते आठ पट्ट्यांतच संपतात. डाव्या हाताचे लांब सूर मधेच तुटायला लागतात. 'कॉर्ड वाजवला की खालचा सूर जातो' ही तक्रार ऐकली की मी आधी हाच वेढा तपासायला सांगतो.

उपाय असा की वाजवताना संगणकाने ती नोट परत पाठवायची नाही. एबल्टन लाइव्हमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटर ऑफ करा. रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा. क्यूबेसमध्ये प्रेफरन्सेसमधला मिडी थ्रू बंद करा. रेकॉर्ड केलेलं परत वाजवताना मात्र तो ट्रॅक डीएक्स-७ कडे जातोच, त्यामुळे काही गमवावं लागत नाही. एकाच वेळी डीएक्स-७ आणि सॉफ्टवेअरचा पियानो असे दोन थर हवे असतील तर फक्त पियानोच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू ठेवायचं.

जोर पोचत नाही

या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे लोक कीबोर्डलाही दोष देतात आणि स्वतःच्या हातालाही, आणि दोन्ही चूक.

पट्टीचा जोर कीबोर्ड मोजतो तो दाबाने नव्हे, वेळेने. प्रत्येक पट्टीला दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना पहिलं आणि दुसरं यांच्यात किती वेळ गेला त्यावरून आकडा ठरतो: वेळ कमी तर आकडा मोठा. त्या आकड्याचा कमाल १२७ असू शकतो. पण मूळ डीएक्स-७ तिथपर्यंत जातच नाही. मनगट दुखेपर्यंत वाजवा, आकडा शंभरीच्या आसपास अडकतो. स्वतःच्या आवाजांसाठी त्याला तेवढं पुरतं, कारण ते आवाज त्याच मापाने बेतलेले आहेत. आजच्या सॅम्पल केलेल्या पियानोत मात्र वेगवेगळ्या जोरांचं वेगवेगळं रेकॉर्डिंग थरांनी लावलेलं असतं आणि सगळ्यात वरचा, कडक वाजणारा थर बऱ्याचदा ११० च्या पुढे ठेवलेला असतो. तो थर डीएक्स-७ वरून कधी हलतच नाही. म्हणून पियानो मवाळ.

दुरुस्तीआधी तीन आकडे लिहून घ्या. मॉनिटर लावून जमेल तितक्या जोरात वाजवा आणि सगळ्यात मोठा आकडा टिपा. मग शक्य तितकं हळू वाजवा आणि सगळ्यात लहान टिपा. शेवटी एखादी ओळखीची चाल नेहमीच्या हाताने वाजवा आणि आकडे कुठून कुठपर्यंत घुटमळतात ते पाहा. हे आकडे प्रत्येक यंत्राचे थोडे वेगळे निघतात, म्हणून दुसऱ्या कुणाचे उचलू नका.

समजा कमाल १०० निघाला. मग प्रत्येक वेलॉसिटीला १२७ भागिले १०० ने, म्हणजे १.२७ ने गुणायचं. ५० चे ६४ होतात, ८० चे १०२, १०० चे १२७. मधले काही आकडे कधीच येणार नाहीत. वाजवताना ते जाणवत नाही. एबल्टनमध्ये वेलॉसिटी हे साधन आहे, क्यूबेसमध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मर, लॉजिकमध्ये वेलॉसिटी प्रोसेसर. पियानोटेकसारख्या वाद्यात वेलॉसिटीची वक्ररेषा हाताने ओढता येते आणि एकच वाद्य वाजवायचं असेल तर तिथेच करणं सगळ्यात सोपं. सरळ गुणाकाराने मधला भाग जास्तच कडक वाटला तर रेषेचं वरचं टोक १२७ वर ठेवून मधला भाग थोडा खाली ओढा. नेहमीच्या चालीचे आकडे टिपले होते ते इथे कामी येतात: त्या आकड्यांवर पियानो तुम्हाला हवा तसा बोलला पाहिजे, टोकं मग आपोआप बसतात.

हे गुणन कुठे करायचं यावर माझं मत ठाम आहे. सॉफ्टवेअरच्या वाद्यांसाठी ते नोट रेकॉर्ड होण्याआधीच करावं, म्हणजे ट्रॅकमधले आकडे इतर कीबोर्डवरून आलेल्या ट्रॅकशी जुळतात आणि पुढे संपादन करताना डोक्याला ताप होत नाही. पण ज्या ट्रॅकचं आउटपुट परत डीएक्स-७ वर जाणार आहे, तिथे गुणन अजिबात नको. एफएममध्ये, म्हणजे डीएक्स-७ च्या आवाज घडवण्याच्या पद्धतीत, जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही. मॉड्युलेटरचं काम करणारे, म्हणजे दुसऱ्या ऑपरेटरचा नाद बदलणारे, ऑपरेटर वेलॉसिटीला जोडलेले असतील तर त्यांची पातळी चढते आणि नादच बदलतो, तीक्ष्ण होतो. ई-पियानोवर हे लगेच कळतं: तुम्ही वाजवलं तेव्हा गोल होतं आणि परत ऐकताना प्रत्येक सुराच्या सुरुवातीला धातूची टिचकी बसते. अशी तक्रार असेल तर आवाजाचे पॅरामीटर बदलत बसू नका, त्या ट्रॅकवरचं गुणन काढा. आधुनिक कंट्रोलरवरून डीएक्स-७ वाजवताना तो कर्कश वाटतो त्याचंही कारण हेच. तिथे उलट, आकडे शंभरच्या आत दाबून घ्यावे लागतात.

पट्ट्यांना वेलॉसिटीच नसलेली जुनी यंत्रं, रोलंडचा ज्युनो-१०६ किंवा जेएक्स-३पी, यांच्यावर हा इलाज चालत नाही. ज्यांना जोर मोजता येत नाही त्यांनी ६४ हा ठरावीक आकडा पाठवावा असं मिडीच्या नियमात आहे, आणि कुठल्याही गुणाकाराने एका आकड्यातून चढउतार निघत नाहीत. असा कीबोर्ड ऑर्गन, पॅड, स्ट्रिंग्जसाठी मास्टर करा आणि चढउतार मॉड्युलेशनने किंवा वेगळ्या कंट्रोलरवरच्या एक्स्प्रेशन पेडलने, म्हणजे कंट्रोलर ११ ने द्या. पियानोसाठी दुसरा कीबोर्ड घ्या.

सूर सुटत नाही, किंवा मधेच तुटतो

वेलॉसिटीचा इलाज केल्यानंतर नोट्स अडकायला लागल्या असतील, तर मघाची शून्य वेलॉसिटीची ओळ आठवा. वेलॉसिटीत ठरावीक आकडा मिळवणारं एखादं साधं फिल्टर किंवा हौसेने लिहिलेली स्क्रिप्ट शून्यालाही सोडत नाही. शून्यात १० मिळवले की 'सूर थांबव' या निरोपाचा 'सूर पुन्हा सुरू कर' असा निरोप होतो. मोठी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आत येतानाच त्याचा नोट ऑफ करून घेतात, त्यामुळे तिथे हा घोळ सहसा होत नाही. मिडी-ऑक्समधला मॅप, आर्डुइनोवर बनवलेली पेटी किंवा स्वतःची स्क्रिप्ट वापरत असाल तर शून्य वगळण्याची अट आधी घाला.

फिल्टर नसताना अडकत असेल तर संशय यूएसबी-मिडी वायरीवर. नाव नसलेल्या अगदी स्वस्त वायरी सुटे सूर नीट नेतात, पण डेटा दाट झाला की बाइट गाळतात, आणि गाळलेला बाइट नेमका नोट ऑफचा निघाला की सूर लटकतो. परीक्षा सोपी आहे: चार-पाच पट्ट्यांचा कॉर्ड धरा, पट्ट्या खाली दाबून आफ्टरटच (दाबलेल्या पट्टीवर आणखी दिलेला दाब) वाढवा, त्याच वेळी पिच बेंडचं चाक भराभर हलवा आणि हात उचला. मॉनिटरवर जितके नोट ऑन तितकेच शून्य वेलॉसिटीचे नोट ऑन किंवा नोट ऑफ आले पाहिजेत. एखादा कमी भरला आणि दुसऱ्या इंटरफेसवर तीच परीक्षा पास झाली, तर पैसे इंटरफेसवर घाला. मिडीच्या इनमध्ये ऑप्टोकप्लर (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) असणं अपेक्षित असतं, जेणेकरून दोन यंत्रांचं ग्राउंड वेगळं राहावं. काही स्वस्त वायरींत तोही गाळलेला असतो आणि मग लॅपटॉपच्या चार्जरची घरघर स्पीकरमध्ये येते.

आफ्टरटचचा डेटा मूळ डीएक्स-७ भरपूर पाठवतो. वापरत नसाल तर तो संगणकात आत येतानाच गाळा. क्यूबेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये मिडी फिल्टरची यादी असते. फाइल हलकी होते आणि संपादन करताना पडदा मोकळा दिसतो.

उलटी तक्रार, म्हणजे लांब धरलेला सूर मधेच कापला जाणं, ही ॲक्टिव्ह सेन्सिंगशी निगडित असू शकते. तो निरोप 'मी अजून जोडलेला आहे' एवढंच सांगतो आणि जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांच्या अंतराने यायला हवा. ज्या यंत्राने तो एकदा ऐकला, ते त्यानंतर त्याची वाट पाहत राहतं. साधारण ३३० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर वायर निघाली असं समजून सगळे सूर बंद करतं. डीएक्स-७ चा डेटा मर्ज बॉक्समधून (अनेक मिडी वायरी एकत्र करणाऱ्या पेटीतून) किंवा संगणकातून फिरवून दुसऱ्या साउंड मॉड्यूलला दिला आणि वाटेत मार्ग बदलला की नेमकं हेच घडतं. उपाय एकच: ॲक्टिव्ह सेन्सिंग वाटेतच गाळून टाका. मग मॉड्यूल त्याची वाटच पाहत नाही.

आवाज आपोआप बदलतो

डीएक्स-७ वर आवाजाचं बटण दाबलं की तो त्याची वर्दी बाहेरही देतो. फंक्शन दाबून ८ नंबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबा; मिडी चॅनलनंतर 'सिस इन्फो' ही पाटी येईल. ती 'अनअव्हेल' असेल तर प्रोग्राम चेंज, म्हणजे नुसता आवाजाचा क्रमांक, जातो आणि लॅपटॉपमधलं वाद्य आपला आवाज बदलतं. 'अव्हेल' असेल तर त्या आवाजाचा सगळा मसुदा सिस्टिम एक्सक्लुझिव्हने, म्हणजे कंपनीच्या खास निरोपाने, जातो: १६३ बाइट, वायरीवर सुमारे ५२ मिलिसेकंद. बटण दाबता दाबता वाजवलं तर त्या नोट्स तेवढ्या रांगेत थांबतात. मास्टर म्हणून वापरताना मी 'अनअव्हेल' ठेवा म्हणेन आणि प्रोग्राम चेंज सॉफ्टवेअरमध्ये गाळा म्हणेन.

त्याच ८ नंबरच्या बटणावर दिसणारा चॅनल फक्त घेण्याचा आहे. पाठवताना मूळ डीएक्स-७ नेहमी चॅनल १ वरच पाठवतो, ते बदलण्याची सोय नाही. चॅनल २ वरचं वाद्य वाजवायचं असेल तर ट्रॅकवर चॅनल बदलून घ्या. सगळ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ते जमतं. कार्यक्रमात संगणकच नसेल तर चॅनल बदलणारी छोटी मिडी पेटी वाटेत लागेल.

पेडल, चाक, स्लायडर

सस्टेन उलटं चालतंय, पाय उचलला की सूर लांबतात आणि दाबला की तुटतात, तर पेडल दुसऱ्या बनावटीचं आहे. काही पेडलांत दाबल्यावर सर्किट जुळतं, काहींत तुटतं. नवे कीबोर्ड चालू होताना ते ओळखून घेतात, जुन्यांकडून ती अपेक्षा ठेवू नका. खाली उलटसुलट करण्याची खिट्टी असलेलं पेडल घ्या, प्रश्न कायमचा मिटतो.

पिच बेंडमध्ये मींड घेताना सूर अर्धवट पोचतो, ही आपल्याकडच्या वादकांची खास तक्रार. डीएक्स-७ वर बेंडची मर्यादा १२ अर्धस्वरांपर्यंत लावता येते, पण ती फक्त त्याच्या स्वतःच्या आवाजासाठी. वायरीवरून जातो तो चाकाचा ठिकाणा. त्यातून किती सूर चढायचं हे ऐकणाऱ्या वाद्यावर ठरतं, आणि बरीच वाद्यं वर-खाली २ अर्धस्वरांवर लावलेली येतात. सा वरून म पर्यंत ओढायचं असेल तर सॉफ्टवेअरच्या वाद्यात मर्यादा ५ करा. डीएक्स-७ चा आवाजही सोबत असेल तर दोन्हीकडे एकच आकडा ठेवा, नाहीतर दोघं वेगवेगळ्या स्वरांवर जाऊन थांबतात.

हात न लावता आकडे हलत असतील, तर त्या स्लायडरच्या आतली पट्टी मळलेली आहे. डेटा एंट्रीचा स्लायडर कंट्रोलर ६ पाठवतो आणि काही वाद्यांत त्याने भलतीच सेटिंग्ज बदलतात, म्हणून तो आधी सॉफ्टवेअरमध्ये गाळा आणि मग सवडीने साफ करा. अवशेष न ठेवणारा काँटॅक्ट क्लीनर हवा. घरातलं बिजागरीचं तेल चालत नाही, ते धूळ धरून ठेवतं.

आता खरंच खोलायची वेळ

मॉनिटरवर ठरावीक एक-दोन पट्ट्याच वेगळं वागत असतील, काही दाबूनही ओळ येत नसेल, काहींचा आकडा हळू वाजवलं तरी सगळ्यात मोठाच येत असेल, किंवा एका दाबण्यात दोन नोट ऑन येत असतील, तर मात्र दोष पट्टीच्या संपर्कबिंदूंत आहे. कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत हे लवकर होतं, विशेषतः कीबोर्ड पावसाळाभर कव्हरमध्ये बंद राहिला तर. ओळीने समान अंतरावरच्या अनेक पट्ट्या गेल्या असतील तर एकेक संपर्क घासू नका. तो दोष पट्ट्या वाचणाऱ्या सर्किटच्या एखाद्या रांगेत असतो आणि सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असलेल्या माणसाचं ते काम आहे. डिन सॉकेट किंवा ऑप्टोकप्लर बदलायचे असतील तर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा.

मागच्या पाटीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय मात्र प्लग लावू नका. जपानमधल्या विक्रीसाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात; आपल्या २३० वर ती पहिल्याच क्षणी जातात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो १०० चाच. ११० चा घेऊ नये.

आणि झाकण काढण्याआधी आवाज उतरवून घ्या. आत साठवलेले ३२ आवाज एका नाणेबॅटरीवर टिकून असतात. ती ३ व्होल्टची आहे आणि फंक्शन मोडमध्ये तिचा व्होल्टेज पाहता येतो. बॅटरी काढताच आवाज पुसले जातात. सिस इन्फो 'अव्हेल' करा, ८ नंबरचं बटण पुन्हा दाबून 'मिडी ट्रान्समिट' वर या, मिडी-ऑक्सला सिस्टिम एक्सक्लुझिव्ह घ्यायला सांगा आणि येस दाबा. साधारण १.३ सेकंदात ४,१०४ बाइट आले पाहिजेत. एकही कमी असेल तर ती फाइल ठेवू नका, दुसऱ्या इंटरफेसवरून पुन्हा घ्या.